चार हात जागा

माझ्या लहानपणी सोलापूरची सकाळ गिरणीच्या भोंग्याने होत असे. भोंगा वाजण्याच्या आधीच फाटकाबाहेर चहाची किटली, भज्यांची कढई आणि भाकरी-चटणीची टोपली येऊन बसलेली असे. भोंगा कामगारांसाठी वाजतो, अशी तेव्हा माझी समजूत होती. पुढे कळले की तो कढईवाल्यासाठीही वाजतो. पाळी सुटली की हजारो माणसे बाहेर पडत, आणि त्यांची भूक घरी पोचेपर्यंत थांबायला तयार नसे.

१८७७ साली या गावात पहिली कापडगिरणी निघाली. तिच्यामागून आणखी आल्या, गाव वाढले. आणि विसावे शतक संपेपर्यंत त्यांतल्या बहुतेक बंदही पडल्या. भोंगे मुके झाले, पण कढई विझली नाही. ती फाटक सोडून रस्त्यावर आली. ज्यांच्या हातचा माग सुटला त्यांतल्या कित्येकांनी हातगाडीचा दांडा धरला. ज्यांना पूर्वी आपण कामगार म्हणत होतो, त्यांनाच आता आपण 'अतिक्रमण' म्हणू लागलो.

दिवाळीच्या अंकात, घरोघरी चकलीचा घाणा निघत असताना, रस्त्यावरच्या कढईचा विषय काढणे काही वाचकांना बरे वाटणार नाही. परंतु हा विषय शेवटी खाण्याचा आणि शेजाराचाच आहे, आणि दिवाळी तरी दुसरे काय असते? शिवाय या विषयात माझे एक देणे राहिले आहे. तेच आधी सांगतो.

विजापूर रस्त्याकडे आमची वसाहत आहे. तिच्या तोंडाशी, विजेच्या खांबाला लागून, एक बाई इडलीची गाडी लावीत असे. ती पद्मशाली समाजातली, घरी तेलुगू बोलणारी. सगळे तिला अक्का म्हणत, म्हणून मीही म्हणे. सकाळी सातला गाडी येई, दहाला जाई. निवृत्त झाल्यापासून सकाळच्या फेरीनंतर तिच्याकडची गरम इडली खाणे हा माझा नेम झाला होता. घरी साखरेच्या गोळ्या आणि बाहेर अक्काची शेंगादाण्याची चटणी, असे माझे चालले होते.

२०१७ च्या पावसाळ्यात वसाहतीच्या मंडळाने एक अर्ज तयार केला. तोंडाशीच गाडी असल्याने रिक्षा आत वळत नाही, भांड्यांचे पाणी रस्त्यावर सांडते, शाळेची मुले मोटारींच्या बाजूने चालतात. सबब हे अतिक्रमण हटवावे, असा त्याचा मजकूर होता. त्यात खोटे काहीच नव्हते. त्या पाण्यावरून आमच्या शेजारच्या आजी घसरल्या होत्या आणि त्यांचे मनगट मोडले होते. त्यांचा मुलगा अर्ज घेऊन माझ्या दारी आला. त्याच्या तोंडाकडे पाहून मी सही केली. माझी सही तिसरी होती.

दोन दिवसांनी मी नेहमीसारखा गाडीपाशी गेलो. अक्काने हात पदराला पुसले आणि डब्याखालून एक घडी घातलेला कागद काढला. मंडळाने अर्जाची एक प्रत तिलाही दिली होती.

"सर, जरा वाचून सांगा की. मला आमचं वाचता येतं, हे येत नाही."

मी वाचले. विषय वाचला, मजकूर वाचला. तिने मध्ये एकदाही तोंड उघडले नाही. मग तिने विचारले, "खाली नावं कुणाकुणाची आहेत?"

मी पहिले नाव वाचले, दुसरे वाचले, आणि थेट चौथ्यावर गेलो. सहाव्यापाशी थांबून म्हणालो, "अशी बरीच आहेत." तिने कागदाची पुन्हा घडी केली आणि माझ्या पुढ्यात बशी ठेवली. मी ती इडली खाल्ली, हेही सांगून टाकले पाहिजे.

पुढच्या सोमवारी गाडी आली नाही. कुणी हटवायला आले नव्हते, कुणी दंड केला नव्हता. आपण इथे नकोसे आहोत एवढे त्या कागदावरून तिला कळले होते, आणि तेवढे तिला पुरेसे झाले.

त्यानंतर कितीतरी दिवस मी स्वतःशी वाद घालीत होतो. सही केली ही माझी चूक होती का? पडलेल्या आजींचे मनगट काही कल्पनेतले नव्हते. रस्ता चालणाऱ्याचा, हे कोण नाकारील? आमच्या कोपऱ्यावरच्या उपाहारगृहाचा मालकही म्हणे, "मी भाडे भरतो, कर भरतो, विजेचे बिल भरतो, आणि माझ्याच दारापुढे कुणी तीच इडली निम्म्या किमतीत विकावी, हा कुठला न्याय?" त्याचेही चुकत नव्हते. सगळ्यांचेच बरोबर असताना एका बाईची भाकरी गेली होती. चूक नेमकी कुठे झाली, हेच मला उमगत नव्हते.

एका रात्री पाणी प्यायला उठलो आणि खिडकीतून सहज खाली पाहिले. आमच्या गल्लीत ओळीने अकरा मोटारी उभ्या होत्या. त्यांतली एक माझी. एक मोटार जेवढी जागा अडवते तेवढ्यात तीन हातगाड्या मावतात. अक्काची गाडी तीन तास उभी असे; आमच्या मोटारी रात्रभर आणि सुटीच्या दिवशी दिवसभर उभ्या असतात. त्यांच्यामुळेही मुले रस्त्याच्या मधून चालतात. पण मोटारींविरुद्ध अर्ज करावा असे आमच्या मंडळाला कधी सुचले नाही, मलाही नाही. आपल्या मालकीची वस्तू रस्त्यावर ठेवली तर ती सोय, आणि दुसऱ्याने आपले पोट रस्त्यावर मांडले तर ते अतिक्रमण, असा हिशेब आम्ही कुणालाही न विचारता करून टाकला होता.

मग मला अर्जातली खरी उणीव दिसली. आम्हांला काय हवे होते? गाडी खांबापासून चार हात आत सरकावी, पाणी बादलीत साठवून गटारात टाकावे, शाळेच्या वेळेला वाट मोकळी असावी. एवढेच. पण यांतले एकही वाक्य अर्जात नव्हते. आम्ही चार हात सरकण्याऐवजी तिचे नाहीसे होणेच मागितले. याचे कारण आमचा दुष्टपणा नव्हे. तिच्याशी बोलण्याची काही रीतच आमच्यापाशी नव्हती. ती कोण म्हणून उभी आहे, किती वेळ उभी राहू शकते, कुठवर तिचे आणि कुठून पुढे आमचे, हे कुणी कधी ठरवलेच नव्हते. जिथे काहीच ठरलेले नसते तिथे माणसाला दोनच गोष्टी करता येतात: डोळेझाक किंवा हकालपट्टी. आमची शहरे वर्षानुवर्षे या दोहोंमध्येच झोके घेत आली आहेत.

खरे पाहता ठरवून जागा वापरण्याची कला सोलापूरला शिकवायला नको. दर वर्षी संक्रांतीला श्रीसिद्धेश्वरांची यात्रा भरते. सात नंदीध्वज अडुसष्ट लिंगांच्या वाटेने निघतात. अरुंद पेठांतून ते उंच ध्वज तोलीत नेताना पाहिले की छाती धडधडते. पण वाट अडत नाही. पथारीवाला आपण होऊन पथारी मागे ओढतो, दुकानदार फळी आत घेतो. ध्वज पुढे गेला की सगळे पुन्हा जागच्या जागी येते. तिकडे होम मैदानावर गड्ड्याची जत्रा उभी राहते: पाळणे, भांडी, खेळणी, खाण्याचे स्टॉल. ते सारे काही दिवसांचे असते आणि मग मैदान पुन्हा मोकळे होते. तिथल्या विक्रेत्याला कुणी अतिक्रमण म्हणत नाही. त्याची जागा ठरलेली असते, मुदत ठरलेली असते, आणि ती तशी आहे हे त्यालाही आपल्यालाही ठाऊक असते. नियम याचा अर्थ मला एवढाच वाटतो: कुणी केव्हा मागे सरायचे हे आधी माहीत असणे.

आता कायद्याकडे वळतो. वाचकांनी दचकू नये. हा कायदा वाचायला कंटाळवाणा असला तरी त्याच्या पोटात माणूस आहे. १९८५ साली मुंबईच्या पदपथावर राहणाऱ्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. १९८९ साली दिल्लीच्या एका फेरीवाल्याच्या खटल्यात त्याच न्यायालयाने मान्य केले की रस्त्यावर माल विकणे हाही व्यवसायच आहे. त्यावर वाजवी बंधने घालता येतील, पण रस्ता केवळ येण्याजाण्यासाठी असे म्हणून तो सरसकट नाकारता येणार नाही. पुढे आणखी पंचवीस वर्षांनी, १ मे २०१४ रोजी, पथविक्रेत्यांच्या उपजीविकेच्या संरक्षणाचा आणि पथविक्रीच्या नियमनाचा कायदा अमलात आला. योगायोग असा की सोलापूरची नगरपालिका जाऊन महानगरपालिका झाली तो दिवसही १ मे, साल १९६४.

या कायद्याच्या नावातच दोन शब्द शेजारी बसवले आहेत, संरक्षण आणि नियमन. आणि संरक्षण आधी आहे. आधी विक्रेत्यांची पाहणी करा, दर पाच वर्षांनी पुन्हा करा. पाहणी होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कुणाला उठवू नका, असे तो सांगतो. शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घेण्याचे प्रमाण त्याने घातले आहे. २०११ च्या जनगणनेत सोलापूरची वस्ती साडेनऊ लाखांवर होती. म्हणजे हा आकडा तेवीस-चोवीस हजारांच्या घरात जातो. जागा ठरवण्यासाठी जी नगर पथविक्रेता समिती नेमायची तिच्यात किमान चाळीस टक्के सभासद विक्रेत्यांनीच निवडून दिलेले असावेत, आणि त्यांत एकतृतीयांश स्त्रिया असाव्यात. उठवायचेच झाले तर तीस दिवसांची सूचना हवी. माल जप्त केला तर टिकाऊ माल मागणी केल्यापासून दोन कामकाजाच्या दिवसांत परत द्यायचा, आणि नाशवंत माल मागितल्या दिवशीच. इडलीचे आंबलेले पीठ उद्यापर्यंत थांबत नाही, एवढे तरी दिल्लीला कळले, याचा मला आनंद झाला.

परंतु कायदा झाला म्हणजे प्रश्न सुटला असे नव्हे. परवाना ही मोठी विलक्षण वस्तू आहे. ती फार थोड्यांना दिली तर तिची जहागीर होते. न्यूयॉर्क शहराने १९८३ साली खाद्यविक्रीच्या परवान्यांची संख्या तीन हजारांच्या आसपास गोठवली. गाड्यांवर खाणारे वाढत राहिले, परवाने तेवढेच राहिले. परिणाम असा झाला की ज्या परवान्याची सरकारी फी दोनशे डॉलर, तो काळ्या बाजारात वीस-वीस हजार डॉलरांना भाड्याने जाऊ लागला. गाडीवर उन्हातान्हात उभा राहणारा एक आणि घरी बसून भाडे मोजणारा दुसरा! अखेर २०२१ साली तिथल्या नगरसभेने दहा वर्षांत आणखी चार हजार परवाने देण्याचे ठरवले, आणि परवानाधारकाने स्वतः गाडीवर हजर असावे अशी अट घातली. आमच्याकडचा कायदाही प्रमाणपत्र भाड्याने देऊ देत नाही. विक्रेता मरण पावला किंवा कायमचा आजारी झाला तरच ते पतिपत्नींतल्या दुसऱ्याला किंवा अवलंबून असलेल्या मुलाला मिळते. हे मला शहाणपणाचे वाटते. जो उभा राहतो त्याच्याच नावाने जागा असावी.

याच्या उलट सिंगापूरचे उदाहरण घ्या. १९६८-६९ साली तिथल्या सरकारने रस्त्यावरच्या सुमारे अठरा हजार विक्रेत्यांची नोंद केली, आणि १९८६ पर्यंत त्यांना बांधलेल्या खाद्यकेंद्रांत नेले. तिथे नळ होते, गटार होते, बसायला बाके होती. २०२० साली युनेस्कोने त्या खाद्यकेंद्रांच्या संस्कृतीला मानवजातीच्या वारशात स्थान दिले. आपण तेवढे श्रीमंत नाही, हे खरे. पण त्यातले एक तत्त्व फुकट घेता येते. त्यांनी स्वच्छतेचा नियम सांगण्याबरोबर नळही दिला. नळ न देता 'स्वच्छता राखा' म्हणणे हा गाडी उठवण्याचा बहाणा होतो. अक्का पाणी रस्त्यावर सांडत होती; पण तिने ते कुठे टाकावे, हे आमच्यापैकी कुणी तिला दाखवले होते?

आता या कथेचा दुसरा अंक. दोन वर्षांपूर्वी कोजागिरीला आमच्या मंडळाने खाद्यमेळा भरवला. एक रंगवलेला टेम्पो बोलावला होता, ज्याला हल्ली फूड ट्रक म्हणतात. बाजूची फळी वर उघडणारी, आत शेगडी, बाहेर दिव्यांच्या माळा. तो उभा राहिला नेमका विजेच्या त्या खांबापाशी. अर्धी वाट त्याने अडवली. रिक्षा वळेना, मुले मोटारींच्या बाजूने चालली. पण सगळ्यांचे चेहरे आनंदित होते, आणि तिसरी सही करणारा मी रांगेत उभा होतो. हातगाडीला चार चाके, टेम्पोलाही चारच. मग एक बोजा आणि दुसरा शोभा कशी झाली? पदार्थाच्या किमतीमुळे? दिव्यांमुळे? की विकणारा आमच्या मुलांसारखा बोलत होता म्हणून?

तो तरुण मात्र भला होता. कर्ज काढून त्याने गाडी बांधून घेतली होती. मी विचारले, "उद्या कुठे लावणार?" तो हसला.

"तेच तर कुणी सांगत नाही, काका. गाडीचे कागद आहेत, खाद्यविक्रीची नोंदणी आहे. चालवायचा परवाना आहे, पण उभं राहायचा नाही. आणि माझं पोट गाडी उभी राहिली तरच भरतं."

मला वाटते, या प्रश्नाचे सार त्या मुलाने सांगितले. उभे राहण्याचा कागद अक्कालाही हवा आहे आणि त्यालाही. एकाला हातगाडी म्हणून हाकलायचे आणि दुसऱ्याला नवलाई म्हणून मिरवायचे, हे चालणार नाही. नियम चाकांकडे पाहून नव्हे, जागेकडे आणि वेळेकडे पाहून करावा. सकाळी सात ते दहा इडली, संध्याकाळी पाचनंतर भेळ, रात्री टेम्पो. एकच जागा तिघांना पुरेल. पायी चालणाऱ्याची वाट आधी आखावी, चुन्याने का होईना, आणि ती कुणीच ओलांडू नये. हातगाडी नाही, टेम्पो नाही, माझी मोटारही नाही. फी घ्यावी, पण पावती देऊन, आणि तिच्या बदल्यात नळ आणि कचऱ्याचा डबा द्यावा. उपाहारगृहाच्या मालकाची तक्रारही मग अर्धी मिटेल, कारण गाडीवालाही गावच्या खर्चात आपला वाटा उचलील. आणि आमच्या गावापुरती आणखी एक अट मी घालीन: कागद मराठीत असावाच, पण घेणाऱ्याला हवा असेल तर तेलुगूत, कन्नडात, उर्दूतही असावा. ज्याला नियम पाळायचा आहे त्याला तो वाचता आला पाहिजे. नाही तर तो कुणाकडून तरी वाचून घेईल, आणि वाचणारा माझ्यासारखा निघाला तर तिसरे नाव गाळील.

कोणी म्हणेल, एवढ्या इडलीसाठी केवढी ही नीतिचर्चा! पण माझी खात्री झाली आहे की रस्त्यावरच्या गाडीला खरा आधार ना कायद्याचा असतो ना समितीचा. ती आपल्या भुकेवर उभी असते. गिऱ्हाईक नसेल तर गाडी एक दिवस टिकत नाही. म्हणजे तिला तिथे आणणारे आपणच, आणि तिच्याविरुद्ध सही करणारेही आपणच. परवाना द्यावा की नाही, हा प्रश्न आपण अधिकाऱ्याकडे टोलवतो खरा. पण सकाळी बशी पुढे करताना त्याचे उत्तर आपण दिलेले असते. अधिकाऱ्याने फक्त ते कागदावर उतरवायचे असते.

गेल्या वर्षी अक्का मला सात रस्त्याच्या बाजूला भेटली. गाडी तीच, शेजारी सून मदतीला. मी बशी घेतली आणि किती वर्षे घोकलेले वाक्य कसेबसे बोललो: "अक्का, त्या दिवशी मी तुला सगळी नावं वाचून दाखवली नाहीत."

"ठाऊक आहे सर. संध्याकाळी पोरानं वाचली सगळी." ती चटणी घालीत होती. "अजून घालू?"

मी म्हणालो, प्रमाणपत्रासाठी अर्ज करू, आमच्या खांबापाशीच जागा मागू, मंडळाशी मी बोलतो. तिने मान हलवली. "तिथं नको आता. इथं गिऱ्हाईक लागलंय. इथलंच लिहा."

तेव्हा मी अर्ज घेऊन गेलो, आणि तिथेच बाकावर बसून तो तिला पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवला. बारीक अक्षरांतल्या अटीसुद्धा वाचल्या. ती सुनेला तेलुगूत समजावून सांगत होती, मधून मला थांबवून एखादा शब्द पुन्हा विचारीत होती. विक्रीची जागा, वेळ, पदार्थ, सगळे तिने सांगितले तसे मी लिहिले. मग तिने हात पुसून लेखणी घेतली आणि खाली तेलुगूत सही केली. ती मला वाचता आली नाही.